जाळी बसली, आता भाकरी कशी?

अन्ननलिकेत जाळी बसवून रुग्ण घरी निघतो, तेव्हा नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘आता फक्त पातळच द्यायचे ना?’ हा एक आणि ‘भाकरी कधीपासून?’ हा दुसरा. नांदेड-लातूरकडे दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा. ज्वारीची भाकरी पोटात गेल्याशिवाय इथला माणूस ‘जेवलो’ असे म्हणतच नाही. पेज, खिचडी, शिरा हे त्याच्या लेखी आजारपणातले खाणे. शिवाय ही भाकरी आजाराने आधीच हिरावलेली असते. सुरुवातीला कोरडा घास अडकू लागतो, मग पाण्याच्या घोटाबरोबर कसाबसा उतरतो, पुढे नुसती पेज आणि शेवटी पाणीही जड जाते. त्यामुळे रस्ता मोकळा झाला म्हटल्यावर भाकरीची आठवण होणारच.

या प्रश्नांची घरोघरी दोन टोकांची उत्तरे सापडतात. काही घरांत धास्तीपोटी महिनोन् महिने चहा, नारळपाणी आणि डाळीचे वरचे पाणी चालू राहते. नळी उघडी असूनही माणूस उपाशी राहतो आणि वजन घटतच जाते. दुसरीकडे चौथ्या-पाचव्या दिवशीच ताटात कोरडी भाकरी आणि ठेचा येतो आणि रात्री घास अडकल्यामुळे गाडी करून शहर गाठावे लागते. जाळी बसवण्याचा सारा खटाटोप माणसाला नीट खाता यावे यासाठीच असतो, आणि त्यातले निम्मे काम स्वयंपाकघरात होते.

आधी ‘जाळी’ या शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्याकडे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात तीही जाळी आणि अन्ननलिकेत बसवतात तीही जाळी. डॉक्टर दोन्हींना स्टेंट म्हणतात. पण हृदयातली जाळी साधारण तीन मिलिमीटर रुंद, तर अन्ननलिकेतली फुलल्यावर जवळजवळ दोन सेंटिमीटर. हृदयाच्या जाळीनंतर रक्त गोठू नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात, अन्ननलिकेच्या जाळीसाठी त्या लागत नाहीत. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अशा गोळ्या सुरू करणे जितके चुकीचे, तितकेच दोन्हीकडे जाळ्या असलेल्या रुग्णाने हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती नुसती पन्हाळीसारखी नसते. घास आला की वरचा भाग आवळतो, खालचा सैल होतो आणि घास पुढे ढकलला जातो. म्हणून आडवे पडूनही आपण पाणी पिऊ शकतो. नळी चांगली ताणली जाते, त्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी बरेच दिवस काही कळत नाही. मोकळी जागा साधारण १३ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की कोरडे पदार्थ अडू लागतात. तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

जाळी बहुधा निटिनॉल या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. १९६०च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत हा धातू हाती आला. त्याचा गुण असा की, दाबून बारीक केला तरी शरीराच्या उबेत तो आपला मूळ आकार पुन्हा धरतो. म्हणून पेन्सिलीएवढ्या जाड नळीत मिटलेली जाळी एंडोस्कोपीच्या दुर्बिणीच्या किंवा क्ष-किरणांच्या मदतीने तोंडावाटे आत नेता येते आणि जागेवर सोडली की ती एक ते तीन दिवसांत हळूहळू फुलते. घरचे याला ‘ऑपरेशन’ म्हणतात. प्रत्यक्षात चिरफाड नसते. त्या दोन-तीन दिवसांत छातीत दुखते, कधी कधी बरेच. ते जाळी फुलण्याचे दुखणे असते आणि वेदनाशामक औषधाने आवरते.

ही सोय फार जुनी नाही. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रांझ टोरेक या शल्यविशारदाने छातीतली कर्करोगग्रस्त अन्ननलिका पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. नळी पुन्हा जोडण्याचे तंत्र तेव्हा नव्हते. मानेजवळचे भोक आणि जठराला पाडलेले भोक यांच्यामध्ये शरीराबाहेरून रबरी नळी लावून ती वृद्ध रुग्ण जेवत असे, आणि तशी ती बारा वर्षांहून अधिक काळ जगली. १९२४ मध्ये इंग्लंडच्या हेन्री साउटर यांनी तांबे, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूची तार गुंडाळून केलेली नळी अरुंद अन्ननलिकेत बसवायला सुरुवात केली. नंतर कडक प्लास्टिकच्या नळ्या आल्या. त्या बसवताना अन्ननलिका फाटण्याची भीती असे आणि आतली वाट इतकी चिंचोळी की, रुग्णाच्या नशिबी कायम पातळच. आजच्या जाळीने तो काळ मागे टाकला आहे. पण जुना सल्ला मात्र अनेक घरांत टिकून आहे.

जाळी एक, कारणे दोन

जाळी कशासाठी बसवली हे घरच्यांनी डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घेतले पाहिजे, कारण नियम त्यावरून ठरतात.

बहुतेकांना ती कर्करोगाच्या गाठीमुळे बंद झालेली वाट उघडण्यासाठी बसवलेली असते. ही जाळी सहसा कायमची. ती गाठ बरी करत नाही, गिळणे सोपे करते. ‘जाळी बसली, आता आजार गेला’ असे रुग्णाला सांगून वेळ मारून नेणाऱ्या घरांत पुढचे उपचार मागे पडतात आणि मग विश्वासही उडतो. जाळी हा एकच मार्ग असतो असेही नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जाळी आणि अन्ननलिकेच्या आतून दिलेले किरणोपचार यांची तुलना केली होती. जाळीने लवकर आराम पडला, तर किरणोपचारांचा फायदा उशिरा आला पण जास्त टिकला. रुग्णाची ताकद आणि आजाराचा टप्पा पाहून डॉक्टर निवड करतात. विचारायला मात्र हरकत नसावी.

दुसरा गट शस्त्रक्रिया झालेल्यांचा. अन्ननलिकेचा रोगट भाग काढून त्या जागी जठर वर ओढून जोडतात. ही शिवण कधी कधी नीट जुळून येत नाही आणि तिथून गळती होते. अशा वेळी वरून आवरण असलेली जाळी आतून ठिगळासारखी बसवली जाते. या रुग्णाला डॉक्टर सांगेपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. आतड्यात बसवलेल्या नळीतून आहार जातो. ‘एक घोट चहाने काय होते?’ म्हणणाऱ्या पाहुण्याला दारातच थोपवावे. औषध टाकून क्ष-किरण तपासणी होते, गळती थांबल्याची खात्री पटते, मगच तोंडाने खाणे सुरू होते. ही जाळी तात्पुरती असते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत काढावी लागते. जास्त दिवस राहिली तर आजूबाजूची त्वचा तिच्यात वाढते आणि ती काढणेच अवघड होऊन बसते. पेरणी, सोयाबीनची काढणी किंवा घरातले लग्न यापायी ही तारीख पुढे ढकलली जाते. दुखत नाही ना, मग घाई कशाला, असा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे.

पाव मऊ, म्हणूनच धोक्याचा

खाणे सुरू करायची परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी पाणी आणि पातळ पदार्थ, एक-दोन दिवसांनी मऊसर लापशीसारखे आणि त्यानंतर नीट कुस्करलेले अन्न, असा सर्वसाधारण क्रम असतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे सोपे होते. जाळीने वाट रुंद केली, पण तेवढ्या भागातले स्नायू आता घास ढकलत नाहीत. अन्न तिथून आपल्या वजनाने आणि ओलाव्याने खाली सरकते. म्हणून प्रश्न पदार्थ कडक की मऊ एवढाच नाही. तो ओला होऊन विरघळतो की चिकट गोळा होतो, हे पाहायचे.

भाकरी कडक म्हणून घरचे रुग्णाला पाव, ब्रेड किंवा गरम मऊ पोळी देतात. घोटाळा इथेच होतो. गव्हात ग्लुटेन असते. थुंकीबरोबर पावाचा लगदा होतो, तो एकमेकांना धरून राहतो आणि बुचासारखा बसतो. जाळीत अडकणाऱ्या पदार्थांच्या यादीत ब्रेड जगभर वरच्या क्रमांकावर असतो. ज्वारीत ग्लुटेन नाही. कोरडी भाकरी अडकतेच, पण तीच भाकरी भरपूर ओलाव्यात भिजली की सुटी होऊन जाते. मराठवाड्यात लेकरांना आणि दात गेलेल्या म्हाताऱ्यांना काला मोडून देण्याची रीत आहे. जाळीच्या रुग्णासाठी ती जशीच्या तशी उपयोगी पडते.

काला मात्र मन लावून मोडायला हवा. ताजी भाकरी घ्यावी, वरचा सुकलेला पापुद्रा आणि करपलेल्या कडा काढून टाकाव्यात. उरलेली बोटांनी बारीक चुरून गरम घट्ट वरणात किंवा दुधात घालावी आणि दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावी. मग चमच्याने घोटावी. चमचा तिरका केल्यावर काला आपणहून ओघळला पाहिजे आणि चिमटीत धरल्यावर गठळी लागता कामा नये. शिळी भाकरी असेल तर ताकात किंवा दुधात शिजवून घ्यावी. हिवाळ्यात बाजरीची भाकरी हवी असेल तर पीठ बारीक चाळून घेतलेले बरे. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकाबरोबर, किंवा ज्वारीच्या पिठाची आंबील, हे तर काल्याहूनही सोपे.

बाकी भाज्यांचे गणित धाग्यांवर ठरते. शेवगा, मेथीच्या काड्या, अंबाडीची जाड पाने, गवार यांचे तंतू जाळीच्या तारांना धरतात. पाने शिजवून, गाळून, डाळीत घोटली तर चालतात. वीज नसली आणि मिक्सर बंद असला तर पुरणयंत्र बाहेर काढावे. भोपळा, बटाटा, गाजर, डाळ सगळे त्यातून सुरेख निघते. संत्र्या-मोसंबीच्या फोडी नकोत, रस चालतो. सीताफळाचा गर बिया काढून. अर्धापूरकडच्या केळ्यांची तर ददात नाही, पण केळेही चांगले पिकलेले, दुधात कुस्करलेले हवे. मटणाचे तुकडे, उकडलेल्या अंड्याचा पांढरा रबरी भाग, भाजलेले शेंगदाणे, हुरडा, मुरमुऱ्यांचा सुशीला हे पदार्थ बाजूला ठेवावेत. मटण हवेच असेल तर मऊ शिजवलेला खिमा भरपूर रश्शात, अंडे हवे असेल तर ओलसर मऊ भुर्जी. तिखटाने जाळीला काही होत नाही. छातीत जळजळ होते की नाही ते पाहून येसर आणि मिरची हळूहळू वाढवावी. ठेच्यातल्या बिया आणि साली मात्र गाळूनच.

पाण्यासारख्या आहाराचा हिशेब

आता दुसऱ्या टोकाची चूक. ‘पातळ’ आणि ‘पौष्टिक’ हे दोन शब्द आपल्याकडे आजारपणात एकत्र येतात, पण त्यांचा तसा संबंध नाही. कर्करोगाच्या रुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने. चार अर्धे कप गोड चहा, एक शहाळे, दोन वाट्या डाळीचे वरचे पाणी आणि वाटीभर पेज यांची बेरीज जेमतेम साडेचारशे-पाचशे कॅलरी भरते आणि प्रथिने नावापुरती. अशा आहारावर काही आठवडे काढलेला रुग्ण केमोथेरपी सोसू शकत नाही, आणि कधी कधी तेवढ्यासाठी उपचार थांबवावे लागतात. मटणाच्या आळणी पाण्याचेही तेच: चव असते, ताकद बोटीत राहते.

उपाय महागाचा नाही. डाळीचे पाणी न देता डाळच घोटून द्यावी. निलंगा तालुक्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जिल्ह्याची डाळ देशभर जाते त्या जिल्ह्यातल्या रुग्णाने तिच्या वरच्या पाण्यावर दिवस काढावेत, हे बरोबर नाही. वाटीभर घट्ट वरणात चमचाभर तूप घातले की ४५ कॅलरी वाढतात. पेलाभर दुधात दोन चमचे दूधभुकटी मिसळली की प्रथिने चार-पाच ग्रॅमनी वाढतात. ३० ग्रॅम शेंगदाण्यांची अगदी गुळगुळीत वाटलेली आमटी सात-आठ ग्रॅम प्रथिने देते. एक अंडे सहा ग्रॅम. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून सहा वेळा वाटी-दीड वाटी द्यावी, कारण जठर वर ओढून जोडलेल्या रुग्णाचे पोट लवकर भरते. अशा रुग्णांना एकदम गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब असा त्रास होऊ शकतो, तेव्हा शिरा आणि सरबत बेताने. मधुमेह असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्याला पहिल्या दिवशीच भरपूर खाऊ घालू नये. रक्तातले क्षार एकाएकी बिघडतात. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, वहीत लिहून ठेवावे.

जेवताना ताठ बसावे, घास लहान, चावणे भरपूर. तंबाखूने दात गेलेले अनेक जण कवळी करायचे टाळतात. जाळीनंतर ती गरज बनते. दर दोन-चार घासांनंतर कोमट पाण्याचा घोट आणि शेवटी अर्धा पेला पाणी, म्हणजे जाळी धुतली जाते. ब्रिटनमध्ये यासाठी फसफसणारा सोडा सुचवतात. आपल्याकडे कोमट पाण्यावर भागते. चहा मात्र वाफाळता नको. ६५ अंशांपेक्षा गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे. तंबाखू, मिश्री, राज्यात २०१२ पासून बंदी असूनही पुडीत मिळणारा गुटखा आणि दारू यांचे तर बोलायलाच नको.

जेवल्यावर निदान अर्धा-पाऊण तास बसून किंवा फिरून घालवावा आणि झोपण्याच्या दोन-तीन तास आधी खाणे संपवावे. जाळी जठराच्या तोंडाशी असेल तर तिथली झडप सतत उघडी राहते आणि आम्ल वर येते. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात. जमिनीवर झोपणाऱ्याने कमरेपासून वर चढत जाईल अशी गोधड्यांची चवड करावी; नुसत्या दोन उशांनी मान तेवढी दुखते. जेवून लगेच वाकून खुरपणी करणे किंवा जड उचलणे टाळावे.

गोळ्यांचीही अडचण असते. मोठी गोळी अडकू शकते म्हणून घरी सगळ्याच कुटून देतात. आवरण असलेली पँटोप्रॅझोलसारखी गोळी किंवा दिवसभर हळूहळू सुटणारी औषधे कुटली तर निकामी होतात किंवा एकदम अंगावर येतात. कुठली गोळी कुटायची, कुठली पातळ रूपात मिळते, हे औषध दुकानात न विचारता डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.

अडकलेच तर

घास अडकल्यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावणे. माशाच्या काट्यासाठी सांगितला जाणारा हा उपाय जाळीत अडकलेल्या घासावर म्हणजे बुचावर बूच. पाठीत धपाटे घालणे, बोटे घालून ओकायला लावणे हेही नको. जोराच्या उलटीने जाळी सरकू शकते. खाणे थांबवावे, उभे राहून थोडे चालावे, कोमट पाणी अगदी घोट-घोट घ्यावे. बहुतेक वेळा घास उतरतो. तासा-दोन तासांत उतरला नाही, किंवा स्वतःची थुंकीही गिळता येईना, तर सकाळची वाट पाहू नये. एंडोस्कोपी करून अडकलेले अन्न काढता येते. गाठ जाळीच्या टोकांवरून वाढली किंवा जाळी घसरली तरी गिळणे पुन्हा अवघड होते. त्यावरही दुसरी जाळी बसवण्यासारखे उपाय आहेत. छातीत अचानक तीव्र कळ, ताप, रक्ताची उलटी, काळी शौच, धाप, किंवा पाणी पिताच दर वेळी ठसका लागणे ही लक्षणे तितकीच तातडीची. शेवटचे लक्षण अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडल्याचे असू शकते.

किनवट-माहूरच्या टोकाहून नांदेड गाठायला काही तास जातात. म्हणून एंडोस्कोपी कुठे होते आणि रात्री कोण असते, हे जाळी बसवली त्याच दिवशी विचारून ठेवावे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि विवेकानंद रुग्णालय. लातूरकडचे अनेक जण बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात जातात, नांदेडचे हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगरला. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. जाळीचा खर्च तीत बसतो का, हे दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. जाळीची कंपनी, लांबी, बसवल्याची तारीख असलेले कार्ड आणि सुटीचा कागद यांची प्रत खिशात असावी. एमआरआय करताना तंत्रज्ञाला ते दाखवावे लागते.

राहिला प्रश्न चारचौघांत जेवण्याचा. पंगतीत मांडी घालून, वाढप्याच्या घाईत जेवणे या माणसाला जमत नाही; त्याच्या वाटीभर जेवणाला अर्धा-पाऊण तास लागतो. मग तो लग्नाला जाणेच सोडतो आणि घरीही सगळ्यांच्या आधी, एकटा, कोपऱ्यात जेवतो. त्याला खुर्ची द्यावी, पंगत बसायच्या आधीच त्याची वाटी भरावी, म्हणजे सगळ्यांबरोबर उठता येईल. वरण तर तिथे असतेच. भाकरी तेवढी चुरून डब्यातून न्यायची.